शिट्टीचं बक्षीस

सकाळचे आठ वाजून गेलेत, तरी कास्टिंग यार्डातली एकही गँट्री हलत नाहीये. बॅचिंग प्लांट बंद आहे. परवा ओतलेल्या गर्डरवर ओली पोती पसरलेली आहेत आणि पिवळी, निळी, हिरवी हेल्मेटं मंडपाकडे सरकताहेत. मंडपाच्या तोंडाशी हिरव्या क्रॉसचा झेंडा लावलाय. टेबलावर बक्षिसं मांडली आहेत: स्टीलचे डबे, मिक्सर, भिंतीवरची घड्याळं, प्रेशर कुकर. कुकर निवडणाऱ्याचं मला कौतुक वाटतं. एवढ्या वस्तूंत सेफ्टी व्हॉल्व्ह असलेली ती एकटीच आहे.

आज 4 मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन. 1966 साली याच तारखेला नॅशनल सेफ्टी कौन्सिल स्थापन झाली आणि 1972 पासून हा दिवस पाळला जातो. कौन्सिलचं मुख्यालय बेलापूरला, म्हणजे पनवेलजवळच्या या यार्डापासून तसं हाकेच्या अंतरावर. शपथ मात्र हिंदीत होते. समोर झारखंडचे बारबेंडर, बंगालचे शटरिंगवाले, उत्तर प्रदेशचे रिगर आणि नांदेडकडचे हेल्पर उकिडवे बसलेत, आणि या सगळ्यांना एकमेकांचं कळतं ते हिंदीतच. हात पुढे होतात, ओळी म्हटल्या जातात. मागच्या रांगेत कुणीतरी शेवटचा शब्द लांबवतो आणि आजूबाजूचे हसतात.

प्रोजेक्ट मॅनेजर माइक घेतात. गेटवरच्या फळ्याचा उल्लेख आधी येतो. त्यावर अपघाताविना झालेले मनुष्यतास रोज खडूने लिहिले जातात. टाळ्या पडतात. मग ते एकच शब्द उच्चारतात, ‘शहापूर’. पुढे काही सांगावं लागत नाही. 31 जुलै 2023 च्या मध्यरात्री तिथे समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळलं आणि 20 जण गेले, हे इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. गर्डर उचलायचा आणि ठेवायचा, हेच तर यांचंही काम.

माझ्या शेजारी यार्डाचे सेफ्टी ऑफिसर बसलेत. सांगलीकडचे, आवाजाने दणदणीत, पण आत्ता कुजबुजतात. “सर, त्या फळ्यावर फार जाऊ नका. पूर्वी मी एका यार्डात होतो. तिथे महिनाभर एकही जखम नाही त्या गँगला रोख बक्षीस असायचं. दुसऱ्याच महिन्यात प्रथमोपचाराची वही कोरी. म्हटलं, वा! मग जेवणाच्या सुट्टीत हात धुताना बघितलं, तर तिघांच्या बोटाला वायरमनची काळी टेप. एकाच्या मळकटलेल्या हातमोज्यात तर नखच उरलं नव्हतं. दवाखान्यात गेला असता तर अख्ख्या गँगचे पैसे बुडाले असते ना!”

म्हणून इथे या वर्षी निकष बदलला आहे. जखम झाली नाही याला बक्षीस नाही. धोका दिसला, तो सांगितला, काम थांबवलं, याला आहे. ऐकायला सोपं, पण निवेदकाची पंचाईत होते ती इथेच.

पहिलं नाव पुकारलं जातं. विशीतला, सडपातळ हेल्पर उठतो, शर्ट खाली ओढतो. “इन्होंने जनवरी में...” म्हणून निवेदक कागदाकडे बघतो आणि अडतो. सांगणार काय? जानेवारीत काहीच झालं नव्हतं. कुणी पडलं नाही, कुणाला लागलं नाही. घटना म्हणून वाचून दाखवण्यासारखं त्या कागदावर काहीच नाही.

ऑफिसर उठून गर्डर ओतायच्या बेडकडे बोट दाखवतात आणि स्वतःच सांगू लागतात. बेड सुमारे 100 मीटर लांब. काँक्रीट ओतण्याआधी त्यात 15.2 मिलिमीटर जाडीच्या, सात तारा पिळून केलेल्या स्ट्रँड टाकतात आणि एका टोकाने जॅक लावून ओढतात. एकेका स्ट्रँडवर साधारण 20 टनांचा ताण येतो आणि एवढ्या लांबीवर ती जवळजवळ 70 सेंटिमीटर लांबते. तो ताण धरून ठेवतात दोन्ही टोकांच्या पोलादी वेज, हाताच्या मुठीत मावतील एवढ्या. वेज घसरली किंवा स्ट्रँड तुटली, तर ती गोफणीच्या दगडासारखी सुटते, आणि सुटते ती बेडच्या सरळ रेषेत. म्हणून ताण देताना भोंगा वाजतो, लाल झेंडे लागतात आणि दोन्ही टोकांच्या मागे कुणीही उभं राहायचं नसतं. जॅकवालासुद्धा बाजूला, आडोशाला.

त्या दिवशी भोंगा झाला होता, झेंडेही लागले होते. हा पोरगा लांबच्या टोकाला पहाऱ्यावर होता. निम्म्या स्ट्रँड ताणून झाल्यावर, क्युरिंगचा एक माणूस पाण्याचा पाइप जोडायला झेंड्याखालून वाकून आत शिरला. भोंगा वाजला तेव्हा तो मोटर चालू करत होता, त्याला ऐकू आलाच नाही. पोराने शिट्टी फुंकली आणि फुंकतच राहिला. जॅकचा पंप थांबला. शंभर मीटरवरून इंजिनिअरने काय विचारलं, ते ऑफिसर सभ्य करून सांगतात. माणूस बाहेर आला, झेंड्याच्या जागी जाळी लागली, मग उरलेल्या स्ट्रँड ताणल्या. सगळ्या नीट बसल्या.

“मतलब कुछ हुआ नहीं,” पुढच्या रांगेतला एक म्हातारा बारबेंडर मोठ्याने म्हणतो. चेष्टा नसते त्यात, खातरजमा असते. पोरगा मान डोलावतो. कुकर त्याच्या हातात येतो.

दुसरं बक्षीस रिगरला, कारण त्याने एक उचल नाकारली होती. ठरलेला स्लिंग दुसऱ्या गँट्रीवर होता आणि आखूड स्लिंगवर भागवा असा हुकूम आला होता. तो माइकवर बोलत नाही. हेल्मेट जमिनीवर ठेवतो, खिशातली सुतळी काढतो आणि दाखवतो: दोन्ही दोर उभे असले तर प्रत्येकावर निम्मं वजन. दोर आखूड झाले की फाकतात, आणि जमिनीशी 30 अंशांपर्यंत आले की एकेकावर अख्खं वजन. अंश वगैरे तो म्हणत नाही, हाताने कोन करतो. आजच्या भाषणांत मला सर्वांत पटलेलं भाषण हे, आणि त्यात जेमतेम चार शब्द आहेत.

बाकीची बक्षिसं भराभर उरकतात. घोषवाक्य स्पर्धा, चित्रं, उत्कृष्ट हाउसकीपिंग. समोसे येतात. मी उठायच्या बेतात असतानाच शटरिंगचा मुकादम हात वर करतो. त्याची गँग नगावर काम करते, जितके गर्डर तितका पैसा. “साहब, इनाम लड़के को मिला, अच्छा है. उस दिन काम रुका, उसका हिसाब?”

मंडपात एकदम चुळबुळ सुरू होते. ऑफिसर माझ्याकडे बघत नाहीत, मॅनेजरांकडे बघतात. मॅनेजर जरा थांबून सांगतात, सुरक्षेसाठी थांबलेला वेळ यापुढे हजेरीत धरू, ठेकेदाराशी मी बोलतो.

मुकादम खाली बसत नाही. समोशाचा कागद चुरगाळून खिशात टाकतो.

“तो लिख के दीजिए, साहब.”