पोरगी पळते छान, पुढे काय?

खो-खो ठाऊक नाही असा माणूस आपल्या धाराशिव जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. शाळेच्या पटांगणात दोन खांब रोवले, फक्कीने रेघा मारल्या, की खेळ सुरू. गावात एखादी पोरगी अशी निघते, की तिला कोणी शिवूच शकत नाही. लोक म्हणतात, "वाऱ्यासारखी पळते हो!" पण तालुक्याच्या सामन्याला गेली, की तीच पोरगी अर्ध्या मिनिटात बाद होते. असे का होते? ते आज आपण पाहू.

खो-खोचे मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असते. मधल्या पट्टीवर आठ गडी बसतात. एकाचे तोंड पूर्वेला, तर शेजारच्याचे पश्चिमेला. नववा गडी पाठलाग करतो. पळणारे एका वेळी तिघे असतात. पळणाऱ्याला कुठूनही जायची मोकळीक आहे. पाठलाग करणाऱ्याला मात्र नाही. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही. एकदा धरलेली दिशाही सोडता येत नाही. खांबाला वळसा घालील तेव्हाच तो पलीकडे जाईल.

आता नीट विचार करा. पळणारी झटकन पट्टीच्या पलीकडे गेली, तर मागची पोर कितीही वेगाने पळो, तिचा काय उपयोग? तिने तिथल्या तिथे खो द्यायला हवा. तोही कोणाला? जिचे तोंड पळणारीकडे आहे, तिला. आमच्या मते खो-खोतली निम्मी अक्कल इथे आहे. चपळ पोरीला वाटते, मीच पळेन, मीच गडी टिपेन. म्हणून ती खो उशिरा देते. बसलेलीला ओलांडून गेल्यावर हात मागे करून खो दिला, तर पंच शिट्टी वाजवतात. तो फाऊल.

यावर उपाय सोपा आहे. रोज थोडा वेळ गडी न टिपता नुसता खो-खो खेळावा. चार पावले पळायचे, खो द्यायचा, बसायचे. पाठीला हात लागला पाहिजे आणि "खो" शब्द खणखणीत आला पाहिजे. बसलेलीनेही ताठ बसू नये. चवड्यावर बसावे, म्हणजे उठताना वेळ जात नाही. मात्र खो मिळण्याआधी बूड हलवायचे नाही.

पळतीचे शिक्षण निराळे. बसलेल्यांमधून नागमोडी पळतात, तिला साखळी म्हणतात. एकेका गड्याला वळसा घातला तर एकेरी, दोघादोघांना घातला तर दुहेरी. साखळीत एकच गोष्ट ध्यानात ठेवायची. बसलेल्यांच्या पाठीशी राहायचे, तोंडासमोर रेंगाळायचे नाही. पोरे रोज एकच साखळी घोकतात. मग समोरचा संघ दोन फेऱ्यांत ओळखतो, की ही आता कुठे वळणार. म्हणून साखळी मधेच मोडायला शिकावे. खांद्याने एकीकडे हूल द्यावी आणि पाय दुसरीकडे टाकावा. खांबाजवळ जास्त सावध राहावे. पाठलाग करणारी एका हाताने खांब धरते आणि अंग झोकून गडी टिपते. तिचा हात आपल्याला वाटतो त्याहून लांब पोचतो.

सूर मारायला मात्र घाई करू नये. आपली जमीन खडकाळ, मुरमाड. आधी खडे वेचावेत, माती भुसभुशीत करावी, मग शिकावे. नाहीतर गुडघा फुटतो. मोठे सामने आता मॅटवर होतात, तिथे पाय वेगळा पडतो. संधी मिळाली तर जिल्ह्याच्या गावी जाऊन मॅटवर सराव करावा.

आता पोटाची गोष्ट. सारिका काळे हे नाव तुम्ही ऐकले असेल. सारिकाताई आपल्या धाराशिवच्या. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्या भारताच्या महिला संघाच्या कर्णधार होत्या. संघाने सुवर्णपदक जिंकले. २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वेळी त्यांनी सांगितले, की जवळजवळ दहा वर्षे घरी दिवसातून एकदाच जेवण मिळे. स्पर्धेला गेले, की तेवढे नीट खायला मिळे. हे ऐकून कोणी म्हणेल, उपाशी राहूनच माणूस मोठा होतो. तसे नव्हे. त्या उपाशी असूनही जिंकल्या. तशी पाळी दुसऱ्या कोणावर का यावी?

खेळणाऱ्या पोरीला महागडे खाणे लागत नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, मोडाची मटकी, परवडेल तसे दूध किंवा अंडे. सरावानंतर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. भरल्या पोटी पळू नये. पोरगी लवकर दमते, चेहरा फिकट दिसतो, तर तिला आळशी म्हणू नका. आरोग्य केंद्रात नेऊन रक्त तपासा. आणि भावाच्या ताटात जे पडते, ते तिच्याही ताटात पडू द्या.

"पोरीच्या जातीला खेळून काय मिळणार?" असे अजून काही घरांत म्हणतात. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. सारिकाताई पुढे क्रीडा अधिकारी झाल्या. प्रत्येक पोर इतकी पुढे जाईल, असे आम्ही म्हणत नाही. पण दहावी-बारावीला पात्र खेळाडूंना वाढीव गुण मिळतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. त्यासाठी सामन्याचे प्रमाणपत्र लागते आणि ते क्रीडा खात्याकडून तपासून घ्यावे लागते. म्हणून प्रत्येक सामन्यानंतर मास्तरांकडून कागद मागून घ्या, त्यावर नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का ते स्वतः वाचून पाहा, आणि तो पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याशेजारी ठेवा.