मेंदू कोणाचा मोठा?

गतवर्षी दहावीचा निकाल लागला त्या आठवड्यात एक सद्गृहस्थ मिस्सानंतर आमच्याकडे आले. त्यांची कन्या गणितात वर्गातील सर्व मुलांच्या पुढे गेली होती. "फादर, पोरीला आता घरीच ठेवणार. गणित, शास्त्र हे शेवटी पुरुषांच्या डोक्याचं काम," असे ते सहज बोलले. आम्ही हसून दुसरा विषय काढला. त्या हसण्याची टोचणी मनास अद्याप लागून आहे; म्हणून हा लेखप्रपंच.

१८७२ साली जर्मनीतील म्यूनिक येथील शरीरशास्त्रज्ञ थिओडोर बिशॉफ यांनी हेच प्रतिपादन केले होते. अनेक मेंदू तोलून त्यांनी दाखविले की, स्त्रीचा मेंदू पुरुषाच्या मेंदूहून सरासरीने सुमारे १३० ग्रॅम हलका असतो. सबब स्त्रिया वैद्यकीच्या अभ्यासास अपात्र होत. पुढे १८८२ साली ते निवर्तले आणि त्यांचा स्वतःचा मेंदू तोलण्यात आला. तो भरला १२४५ ग्रॅम, म्हणजे त्यांनीच सांगितलेल्या पुरुषी सरासरीहून बराच कमी! वजन खोटे नव्हते, निष्कर्ष खोटा होता. शरीर मोठे तसा मेंदूही मोठा. हत्तीचा मेंदू जवळजवळ पाच किलोचा असतो. म्हणून कोणी त्यास हिशेब लिहावयास बसवीत नाही.

मग भेद मुळीच नाहीत काय? आहेत. मुलींच्या मेंदूची वाढ मुलांहून वर्षदोन वर्षे आधी होते. कंपवाताचा विकार पुरुषांत अधिक, तर वार्धक्यातील स्मृतिभ्रंश स्त्रियांत अधिक आढळतो. परंतु २०१५ साली डॅफ्ना जोएल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १४०० हून अधिक मेंदूंची छायाचित्रे तपासली, तेव्हा सर्वस्वी 'पुरुषी' वा सर्वस्वी 'बायकी' असे मेंदू फारच थोडे निघाले. बहुतेक मेंदू आपल्या घरच्या गोधडीसारखे: काही तुकडे आईच्या लुगड्याचे, काही बापाच्या सदऱ्याचे.

ख्रिस्तसभेसही ही गोष्ट अपरिचित नाही. १७५० साली पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी मारिया आन्येसी या विदुषीची बोलोन्या विद्यापीठात गणिताच्या अध्यासनावर नियुक्ती केली. तिने गणितावर मोठा ग्रंथ लिहिला होता. पुढील आयुष्य तिने मिलान शहरातील दीनदुबळ्यांच्या सेवेत वेचले. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी आविलाची संत तेरेजा व सिएनाची संत कॅथरिन यांना ख्रिस्तसभेच्या आचार्या म्हणून घोषित केले. परमेश्वराने स्त्री व पुरुष या दोघांनाही आपल्याच प्रतिमेप्रमाणे निर्माण केले, हे तर आपण बालपणापासून शिकत आलो आहोत.

प्रभूच्या दृष्टांतातील आळशी दासाने धन्याचे धन मातीत पुरून ठेवले. मुलीची बुद्धी चुलीपाशी कोंडून ठेवणारे मातापिता याहून वेगळे काय करतात? आणि ते पाहून हसणारा धर्मगुरूही?

त्या कन्येचे एक वर्ष वाया गेले आहे. येत्या रविवारी सायंकाळी आम्ही तिच्या घरी जाणार आहोत. या खेपेस विषय बदलणार नाही.