‘शकतो’च्या पलीकडे : शक्यता सांगण्याची इंग्रजी आणि मराठी रीत

कॅन, कुड, मे, माइट, मस्ट हे शब्द शाळेत आपण सगळ्यांनीच घोकले आहेत. बहुतेकांच्या डोक्यात त्यांचा एकच अर्थ पक्का बसतो : ‘शकणे’. परीक्षेपुरतं ते चालून जातं. पण हवामानाचा इशारा, डॉक्टरांचा रिपोर्ट किंवा एखादा नियम इंग्रजीतून मराठीत आला, की हा एकटा ‘शकतो’ पुरत नाही. तो का पुरत नाही, हे आज नसरापूरच्या परिसरातली उदाहरणं घेऊन पाहू.

नसरापूरहून वेल्ह्याच्या रस्त्याने आपण राजगडाकडे जातो. त्या गडाबद्दल ही चार वाक्यं घ्या. ‘आजोबांना आता गड चढवत नाही.’ ‘तटावर नावं कोरता येत नाहीत.’ ‘धुकं दाट आहे, आज वर जाता येणार नाही.’ ‘मुलं अजून माथ्यावर पोहोचली नसतील.’

पहिल्या वाक्यात अडचण शरीराची आहे. दुसऱ्यात हात धड आहेत, पण कायदा आड येतो. तिसऱ्यात परिस्थिती आड येते. इंग्रजी माणूस या तिन्ही ठिकाणी बिनधास्त ‘कॅनॉट’ म्हणेल. चौथं वाक्य मात्र वेगळ्याच जातीचं आहे. मुलं पोहोचली आहेत किंवा नाहीत. जे काय व्हायचं ते होऊन गेलंय. आपल्याला ते माहीत नाही, एवढंच. इथे इंग्रजीत ‘मे नॉट हॅव रीच्ड’ येईल. म्हणजे शक्यता दोन प्रकारची : एक जगात असते, दुसरी आपल्या माहितीत.

मराठीने यासाठी वेगवेगळी हत्यारं ठेवली आहेत. ‘चढवतं’, ‘बसवत नाही’ ही रूपं आपल्या व्याकरणात शक्य क्रियापदं म्हणून ओळखली जातात. ‘असावा’, ‘आला असावा’ हा विध्यर्थ. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 साली आलं, मो. के. दामल्यांचं 1911 साली; तेव्हापासून या रूपांचा नीट अभ्यास होत आलेला आहे. अडचण एवढीच, की इंग्रजी शिकताना आपण ही रूपं बाजूला ठेवतो आणि सगळीकडे ‘शकतो’ लावतो.

आता अंदाजाची शिडी पाहू. एसटीसाठी आपण चेलाडी फाट्यावर निघालोय. ‘गाडी आली असणार’ म्हणजे जवळजवळ खात्री. इंग्रजीत ‘मस्ट हॅव कम’. ‘आली असावी’ म्हणजे काहीतरी खूण दिसतेय, फाट्यावर गर्दी आहे वगैरे. इंग्रजीत इथे ‘प्रॉबेबली’ची मदत घ्यावी लागते. ‘आली असेल’ म्हणजे साधा अंदाज. ‘आली असू शकेल’ म्हणजे नाकारत नाही, इतकंच; ‘माइट हॅव कम’. गंमत बघा, ‘कुड’ आणि ‘माइट’ ही मुळात भूतकाळी रूपं, पण ‘इट माइट रेन टुमॉरो’ हे उद्याबद्दल आहे. भूतकाळाचं रूप वापरून इंग्रजी माणूस खात्रीपासून दोन पावलं मागे सरकतो. आपणही रूप असंच उसनं घेतो, पण भविष्यकाळाचं : ‘आई आत्ता घरी असेल’.

क्रियापदांखेरीज इंग्रजीत शब्दयोगी पदबंध आहेत : ‘ऑन द व्हर्ज ऑफ’, ‘विदिन रीच’, ‘अ‍ॅट रिस्क ऑफ’, ‘आउट ऑफ द क्वेश्चन’. यांतल्या बऱ्याच पदबंधांत शक्यतेला जागा मिळते : काठावर, टप्प्यात, बाहेर. मराठीचंही तसंच आहे. आवाक्यात, आवाक्याबाहेर, पडायच्या बेतात, बंद पडण्याच्या मार्गावर. शिवाय हे शब्द रंग चढवतात. भोरहून महाडकडे जाणाऱ्या वरंध घाटात ‘दरड कोसळण्याचा धोका’ असतो. तिथे ‘दरड कोसळण्याची संधी’ कोणी म्हणणार नाही. इंग्रजीत ‘चान्स’ दोन्हीकडे चालतो, म्हणून भाषांतर करताना जपून.

हे सगळं जपायचं कशासाठी? तीन ठिकाणं सांगतो.

पहिलं कायद्याचं. कायद्यातला ‘मे’ सहसा मुभा देतो आणि ‘शॅल’ बंधन घालतो. मराठी कायद्यांत ‘मे’साठी ‘करता येईल’ वापरतात. त्याचं कोणी ‘करावे’ केलं, तर मुभेचं कर्तव्य होऊन बसतं.

दुसरं हवामानाचं. भारतीय हवामान विभागाच्या इंग्रजी पत्रकात ‘लाइकली’ म्हणजे 25 ते 50 टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे 50 ते 75, ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे 75 च्या वर. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, अहवालांत तोच ‘लाइकली’ 66 टक्क्यांच्या वर असतो. आपल्याकडे बातमीत येईपर्यंत या सगळ्याचं ‘पावसाची शक्यता’ होतं. भोर-वेल्ह्यातल्या शेतकऱ्याला लावणीचं माणूसबळ उद्या बोलवायचं की परवा, हे ठरवायचं असतं. त्याच्यासाठी 30 टक्के आणि 80 टक्के या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पाऊस पडू शकतो’, ‘बहुधा पडेल’, ‘पडणारच असं दिसतंय’ असे तीन पर्याय भाषेत आहेत. ते वापरायला हवेत, आणि जमेल तिथे आकडाही द्यायला हवा.

तिसरं दवाखान्याचं. तपासणीच्या रिपोर्टात लिहिलेलं असतं : अमुक आजार ‘कॅनॉट बी रूल्ड आउट’. भाषांतर होतं, ‘नाकारता येत नाही’. घरच्यांच्या कानाला ते ‘आजार आहेच’ असं लागतं. खरा अर्थ असा, की या एका तपासणीवरून ‘नाही’ म्हणण्याइतका पुरावा मिळालेला नाही. म्हणजे चौथ्या वाक्याची जात : शक्यता माहितीतल्या फटीत आहे. अशा वेळी डॉक्टरांना विचारावं, ‘शक्यता किती वाटते, आणि खात्रीसाठी पुढची तपासणी कोणती?’ रिपोर्ट गुंडाळून ठेवणं किंवा नुसतं घाबरणं, दोन्ही टळतं.

तेव्हा इथून पुढे ‘कॅन’ किंवा ‘मे’ दिसला, की दोन प्रश्न विचारून पाहा. ही शक्यता कुठली : अंगातली, नियमातली, परिस्थितीतली, की आपल्याला माहीत नसण्यातली? आणि बोलणाऱ्याची खात्री कितपत? उत्तरं मिळाली की मराठी शब्द आपोआप सुचतो, आणि बऱ्याचदा तो ‘शकतो’ नसतो. घरी बसून करण्यासारखा एक अभ्यास सांगतो : आजच्या वर्तमानपत्रातली ‘शकतो’ची पाच वाक्यं निवडा, आणि प्रत्येकाला आणखी नेमकं रूप मिळतंय का ते बघा.