तेरा गाणी, तेरा गमती: 'वूडू' ऐकताना

पहिला अल्बम गाजला की गायकाच्या मागे दुसऱ्याचा ससेमिरा लागतो. पहिल्यासाठी आयुष्यभर साठवलेल्या चाली असतात, दुसऱ्याच्या वेळी पोतडी रिकामी आणि कंपनीचे फोन सुरू. डी'अँजेलोचा पहिला अल्बम 'ब्राउन शुगर' जुलै १९९५मध्ये आला आणि 'निओ-सोल' या संगीतशैलीच्या नव्या शिक्क्याचा तो पहिला मोठा चेहरा ठरला. दुसरा, 'वूडू', दुकानात पोचला तो थेट २५ जानेवारी २००० रोजी. मधली साडेचार वर्षं हा माणूस करत काय होता? तर उशीर कसा करायचा, याचा रियाज! या अल्बममध्ये ढोल उशिरा पडतो, बास त्याहून उशिरा येतो, गायक तर आपल्या सवडीने. आणि हे सगळं ठरवून. गाणी तेरा, म्हणून गमतीही तेराच.

१. चर्चमधून थेट हार्लेम

डी'अँजेलोचं खरं नाव मायकेल यूजीन आर्चर. जन्म ११ फेब्रुवारी १९७४चा, व्हर्जिनियातल्या रिचमंडचा. वडील पेंटेकोस्टल चर्चचे धर्मोपदेशक. या पंथाच्या प्रार्थनेत ऑर्गन, ड्रम, टाळ्या, सगळं दणक्यात असतं, त्यामुळे गाण्याची शाळा घरातच भरलेली. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या अपोलो थिएटरमधली हौशी कलाकारांची स्पर्धा त्याने विशीच्या आतच जिंकली. तिथले प्रेक्षक नाठाळ म्हणून प्रसिद्ध! गाणं पसंत पडलं नाही तर हुर्यो उडवून गायकाला मंचावरून घालवतात.

२. सीडी काठोकाठ

'वूडू'ची लांबी सुमारे ७९ मिनिटं. एका सीडीत जेमतेम ८० मिनिटं मावतात, म्हणजे चकती काठोकाठ भरली. विनाइलवर तर दोन तबकड्या लागल्या. सगळ्यांत छोटं गाणंही साडेचार मिनिटांच्या वर आहे. रेडिओवाल्यांना तीन-चार मिनिटांचं गाणं हवं असतं, याची इथे कुणी पर्वा केलेली दिसत नाही.

३. हेंड्रिक्सचं तळघर

बहुतेक ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या 'इलेक्ट्रिक लेडी' स्टुडिओत झालं. हा स्टुडिओ गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने स्वतःसाठी बांधून घेतलेला. आधी त्या तळघरात नाइटक्लब होता, आणि बांधकाम चालू असताना जमिनीखालच्या ओढ्याच्या पाण्याने कामगारांना हैराण केलं होतं. ऑगस्ट १९७०च्या अखेरीस उद्घाटनाची पार्टी झाली, १८ सप्टेंबरला हेंड्रिक्स लंडनमध्ये वारला. स्वतःच्या स्टुडिओचं सुख त्याला फार थोडे आठवडे मिळालं. पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टीव्ही वंडरने तिथे काम केलं. डी'अँजेलोला नेमकी हीच हवा हवी होती.

४. फीत जुनी, माइक जुने

१९९०च्या दशकाच्या शेवटी स्टुडिओत संगणक शिरला होता. सूर हुकला, ठोका सरकला, तर माउसने दुरुस्त करता येऊ लागलं होतं. 'वूडू'चा ध्वनिमुद्रक रसेल एलेव्हाडो उलट्या दिशेने चालला. त्याने रुंद चुंबकीय फीत घेतली, जुने माइक आणि जुनी उपकरणं जमवली, आणि वादकांना एकत्र बसवून वाजवून घेतलं. फितीवर दणदणीत आवाज भरला की तो किंचित दबतो आणि गोलावतो. 'वूडू'तला ढोल कानावर आदळत नाही, छातीत घुमतो, तो याच करामतीमुळे.

५. डेट्रॉइटचा जादूगार

आता मुख्य मामला. डेट्रॉइटचा जे डिला 'एमपीसी' नावाच्या यंत्रावर ताल बांधायचा. यंत्रावर बोटाने ठोका दिला की तो आपोआप नेमक्या जागी बसवण्याची सोय असते. डिलाने त्या अचूकतेची खोडी काढली. एक ठोका तंतोतंत जागेवर, दुसरा सेकंदाच्या काही शतांशाने मागे, तिसरा हळूच पुढे. ऐकणाऱ्याला वाटतं, आता तोल गेला! पण जात नाही. मजा म्हणजे 'वूडू'च्या एकाही गाण्याचा निर्माता म्हणून डिलाचं नाव नाही, आणि तरी अख्ख्या अल्बमच्या चालण्यात तोच आहे. त्याच्या कामाची एक एमपीसी आज वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयात जपलेली आहे. डिला २००६मध्ये गेला, बत्तिसावा वाढदिवस होऊन तीनच दिवस झाले होते.

६. चुकायला शिकणारा ड्रमर

यंत्रावरची ही झिंग हाडामांसाच्या हातांनी कोण वाजवणार? 'द रूट्स' या बँडचा ड्रमर क्वेस्टलव्ह. त्याची ख्यातीच मुळी घड्याळासारख्या पक्क्या लयीची. डी'अँजेलो त्याला सांगत राहिला: अजून मागे, अजून ढिलं. वर्षानुवर्षं घोटलेली शिस्त सोडणं क्वेस्टलव्हला जड गेलं, हे त्याने पुढे अनेकदा सांगितलं आहे. तबल्याच्या साथीत लय ओढून धरणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्याची अडचण कळेल. रेंगाळायचं खरं, पण एकदाही लय पडू द्यायची नाही.

७. वेल्सचा बासवाला

अमेरिकी सोलच्या या खास मुलखात बास वाजवणारा पिनो पॅलाडिनो हा वेल्समधल्या कार्डिफचा गोरा गृहस्थ. १९८०च्या दशकात ब्रिटिश पॉपमध्ये त्याचं नाव झालेलं. बी. बी. किंगच्या एका अल्बमच्या कामात त्याची आणि डी'अँजेलोची गाठ पडली, आणि दोघांचं जमलं. 'वूडू'त पिनो ठोक्याच्या इतका मागे वाजवतो की श्वास रोखून वाट बघावी लागते. पुढे २००२मध्ये 'द हू' या रॉक बँडचा बासवादक जॉन एंटविसल ऐन दौऱ्याच्या तोंडावर वारला, तेव्हा त्याच्या जागी हाच पिनो उभा राहिला. तिकडचा बास धावणारा, गरजणारा. माणूस एकच, मिजास वेगळी!

८. एक माणूस, दोन वाद्यं

'द रूट' आणि 'स्पॅनिश जॉइंट' या गाण्यांत बास आणि गिटार एकमेकांशी फार छान बोलतात. दोघांचं जमलंय, असं म्हणायची सोय नाही, कारण वाजवणारा एकटाच आहे: चार्ली हंटर. त्याच्या खास बनवून घेतलेल्या गिटारला आठ तारा. त्यांतल्या तीन बासच्या, पाच गिटारच्या. अंगठ्याने बास, बाकी बोटांनी गिटार, तेही एकाच वेळी. 'स्पॅनिश जॉइंट' डी'अँजेलोने ट्रम्पेटवादक रॉय हारग्रोव्हच्या जोडीने रचलं. अस्सल जॅझवाला असल्यामुळे हारग्रोव्हची फुंकर तिथे लॅटिन थाटात नाचते.

९. कुंभ राशीचं मंडळ

क्वेस्टलव्ह २० जानेवारीचा, कीबोर्डवाला जेम्स पॉयझर ३० जानेवारीचा, डिला ७ फेब्रुवारीचा आणि डी'अँजेलो ११ फेब्रुवारीचा. पाश्चात्य पंचांगाप्रमाणे चौघांची रास कुंभ, म्हणजे 'ॲक्वेरियस'. त्यात 'सोल' मिसळून मंडळींनी आपल्या टोळक्याचं नाव ठेवलं 'सोलक्वेरियन्स'. त्या काळात इलेक्ट्रिक लेडीत एका खोलीत 'वूडू' शिजत होता, तर शेजारी रॅपर कॉमनचा 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट' आणि गायिका एरिका बाडूचा 'मामाज गन'. तिन्ही अल्बम २०००मध्येच आले. बाडूचाही तो दुसराच स्टुडिओ अल्बम, बरं का!

१०. गाण्यांची अदलाबदल

खोल्या शेजारी असल्या की उसनवारी होणारच. 'चिकन ग्रीस' ही चाल मुळात कॉमनसाठी बांधलेली. ती डी'अँजेलोच्या कानावर पडली आणि त्याने हट्टच धरला: ही मला हवी! सौदा ठरला. बदल्यात कॉमनला 'गेटो हेवन'ची चाल मिळाली. वकील नाहीत, करारनामे नाहीत, हातोहात व्यवहार. आज 'चिकन ग्रीस' ऐकताना ती दुसऱ्या कुणाच्या आवाजात कल्पून बघा. जमत नाही.

११. रात्रीचा व्हीसीआर

साडेचार वर्षांतला बराच वेळ टीव्हीसमोर गेला, आणि तो अभ्यास होता. प्रिन्स, स्टीव्ही वंडर, जेम्स ब्राउन यांच्या जुन्या कार्यक्रमांच्या व्हीएचएस कॅसेट मंडळी रात्र-रात्र बघायची. या गुरुजनांना त्यांनी 'स्टार वॉर्स'मधल्या म्हाताऱ्या गुरूवरून 'योडा' म्हणायला सुरुवात केली. मग स्टुडिओत जाऊन त्यांची गाणी वाजवत बसायचं, आणि वाजवता-वाजवता हाताला काही नवं लागलं की फीत सुरूच असायची. शेवटचं गाणं 'आफ्रिका' प्रिन्सच्या 'पॅरेड' अल्बमभोवती घोटाळताना सापडलं. त्यात प्रिन्सच्याच 'आय वंडर यू'चा तुकडा विणलेला आहे.

१२. घरची माणसं आणि एक जुनं गाणं

'सेंड इट ऑन' लिहिण्यात डी'अँजेलोबरोबर त्याचा भाऊ ल्यूथर आणि गायिका अँजी स्टोन यांचा हात आहे. अँजी ही त्याच्या थोरल्या मुलाची आई, आणि मुलाच्या जन्मानंतरच अडलेलं लेखन पुन्हा वाहू लागलं.

दुसऱ्याचं म्हणावं असं गाणं अल्बममध्ये एकच: 'फील लाइक मेकिन लव्ह'. ते रॉबर्टा फ्लॅकने १९७४मध्ये गाजवलं, म्हणजे डी'अँजेलो तेव्हा पाळण्यात होता. फ्लॅकचं गाणं हलकंफुलकं. याने ते इतकं सैल सोडलंय की शब्द धुरासारखे विरतात. मागचे जोडआवाजही त्याचेच, एकावर एक चढवलेले. शब्द नीट कळले नाहीत तर आपलं इंग्रजी कच्चं, असं समजू नका. अमेरिकी समीक्षकांनीही त्याच्या पुटपुटण्याची तक्रार केली होती.

१३. व्हिडिओने गाणं गिळलं

'अनटायटल्ड'च्या पुढे कंसात 'हाउ डझ इट फील' असं आहे. गायक-निर्माता राफाएल सादीकबरोबर केलेली ही रचना म्हणजे प्रिन्सला घातलेला दंडवत. दादऱ्याच्या सहा मात्रा कानात मुरलेल्यांना ते पहिल्याच मिनिटात आपलंसं वाटेल, कारण तेही सहाच्याच चालीत डुलतं. व्हिडिओत काळी पार्श्वभूमी, एकटा गायक आणि उघडं पिळदार अंग. कॅमेरा कंबरेच्या खाली जात नाही, एवढंच. दूरदर्शन संच तापले! पण दौऱ्यात लोक गाणं ऐकायचं सोडून 'शर्ट काढ' म्हणून ओरडू लागले. वर्षानुवर्षं सूर घोटलेल्या माणसाला ते झोंबलं, आणि तो हळूहळू लोकांसमोरून नाहीसा झाला.

मग हिशोब काय झाला?

उशिराचा फटका बसला का? छे! पहिल्या आठवड्यात ३ लाख २० हजार प्रती खपल्या आणि अल्बम अमेरिकी यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. २००१मध्ये दोन ग्रॅमी मिळाले, एक सर्वोत्तम आर अँड बी अल्बमचा, दुसरा 'अनटायटल्ड'च्या गायनाचा. तिसरा अल्बम 'ब्लॅक मसाया' मात्र डिसेंबर २०१४मध्ये आला, म्हणजे जवळपास पंधरा वर्षांनी. चौथा आलाच नाही. २०२५च्या फेब्रुवारीत रॉबर्टा फ्लॅक गेली, मार्चमध्ये अँजी स्टोन अपघातात गेली आणि १४ ऑक्टोबरला कर्करोगाने डी'अँजेलो गेला, वयाच्या ५१व्या वर्षी. तीस वर्षांत तीन स्टुडिओ अल्बम. दर महिन्याला नवं गाणं सोडणाऱ्या आजच्या बाजारात हा आकडा अविश्वसनीय वाटतो. पण वीस-पंचवीस वर्षांत जगभरच्या ड्रमरांनी आणि बासवाल्यांनी ज्याची पारायणं केली, तो अल्बम यातलाच.

ऐकायचा कसा?

फोनच्या स्पीकरवर नको, त्यात पिनोचा बास गायब होतो. चांगले हेडफोन लावा. पहिल्या फेरीत शब्दांच्या मागे लागू नका, फक्त 'प्लाया प्लाया'तला बास धरा आणि पायाने ठेका द्या. दोन मिनिटांत पाय आणि बास यांच्यात फट जाणवेल. तिथे घाईने पाय सुधारू नका, ती फट म्हणजेच अल्बम. दुसऱ्या फेरीत 'डेव्हिल्स पाय' ऐका. ते हिप-हॉप निर्माता डीजे प्रीमियरच्या हातचं, टोकदार आणि यंत्राच्या शिस्तीचं. ते मध्येच आलं की बाकी गाणी किती सैल आहेत ते उमजतं. तिसऱ्या फेरीत आवाजांचे थर मोजायला बसा, हातची बोटं कमी पडतील. आणि 'अनटायटल्ड' ऐन रंगात, ओळ पुरी व्हायच्या आत खाटकन तुटलं, तर वाय-फाय तपासायला उठू नका. ते तिथेच संपतं.