जांभ्याच्या गावातला जाम बोल्ट

रत्नागिरीच्या सड्यावरचा जांभा आणि जुन्या जीपच्या पाट्याखाली जाम होऊन बसलेला बोल्ट, या दोघांना घट्ट धरून ठेवणारा पदार्थ एकच आहे. हे कळल्यापासून मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एखादा मेस्त्री गाडीखाली बोल्टशी झटताना दिसला की मला तिथून हलवत नाही.

जांभा म्हणजे लाखो वर्षांच्या पावसानं धुऊन काढलेला काळा कातळ. सिलिका, कॅल्शियम, सोडियम पाण्याबरोबर वाहून गेलं. लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. त्या लोखंडाचा हवेशी आणि पाण्याशी संयोग होऊन जी खनिजं तयार झाली त्यांत हेमाटाइट आणि गोएथाइट ही मुख्य. (शाकुंतलावर लुब्ध झालेल्या जर्मन महाकवी गोएथेचा मान म्हणून १८०६ मध्ये या दुसऱ्या खनिजाला त्याचं नाव दिलं गेलं.) हीच खनिजं दगडाचे कण एकमेकांना चिकटवतात. खाणीतून नुकताच काढलेला चिरा नरम असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो, आणि वारा लागून वाळला की कडक होतो. कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती इतके पावसाळे झेलून अजून दिसतो तो याच चिकटपट्टीच्या बळावर.

आता गंज पाहा. बोल्टवरच्या तांबूस पापुद्र्यातही गोएथाइटच असतं, त्याची भावंडंही असतात. त्यांतलं अकागानाइट नावाचं एक भावंड तयार व्हायला क्लोराइड, म्हणजे मिठातला अंश लागतो. म्हणून ते समुद्रकाठच्या गंजात हमखास सापडतं. लोखंड जमिनीतून आलेलं असतं आणि भट्टीत त्याला ऑक्सिजनपासून महत्प्रयासानं वेगळं केलेलं असतं. संधी मिळाली की ते पुन्हा दगड व्हायला निघतं. रत्नागिरीत ती संधी बाराही महिने असते.

वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस हे झालं उघड कारण. खरी करामत मिठाची. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की आपोआप पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे मांडवीच्या वाऱ्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या चासीवरचा मिठाचा थर जानेवारीच्या कोरड्या दुपारीसुद्धा पुरता सुकत नाही. मिरकरवाड्याहून मासळी नेणाऱ्या गाड्यांची स्थिती याहून बिकट, कारण बर्फाचं खारट पाणी थेट पाट्यांवर आणि यू-बोल्टांवर ठिबकत राहतं. कारखान्यांत सुटे भाग गंजतात का हे तपासायला ३५ अंश तापमानात ५ टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा मारतात. किनाऱ्यावरच्या गाड्यांची ही परीक्षा फुकट आणि आयुष्यभर चालते.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. गंजायला ऑक्सिजन लागतो, मग जिथे हवा पोचत नाही त्या आट्यांच्या आत लोखंड सुरक्षित राहायला हवं. घडतं उलटं. केंब्रिजच्या यू. आर. इव्हान्स यांनी मिठाच्या पाण्याचा एक थेंब लोखंडावर ठेवून हे दाखवून दिलं. थेंबाच्या कडेला ऑक्सिजन भरपूर, मध्यभागी कमी. आणि लोखंड झिजतं ते मध्यभागी. जिथे ऑक्सिजन तोकडा तिथलं लोखंड विरघळतं, सुटलेले इलेक्ट्रॉन धातूतून बाहेरच्या बाजूला जातात आणि तिथला ऑक्सिजन ते घेतो. बोल्टच्या अरुंद फटीत हेच चालतं. आतलं पाणी आम्लधर्मी होत जातं, क्लोराइड आत ओढलं जातं, आणि विरघळलेलं लोखंड तोंडाशी येऊन हवेला भेटलं की तिथे गंज बनून साचतं. आत झीज, दारावर बूच! म्हणूनच जाणता मेस्त्री तेल घालण्याआधी तारेच्या ब्रशनं आट्यांचं तोंड खरवडून मोकळं करतो. त्याशिवाय ओतलेलं तेल नुसतं खाली गळतं.

गोएथाइट झालेल्या लोखंडाला मूळ लोखंडाच्या जवळजवळ तिप्पट जागा लागते. बोल्ट आणि नट यांच्या आट्यांत मोकळीक असते मिलिमीटरच्या काही शतांशांची. तिप्पट फुगणारी वस्तू तिथे कोंडली गेली की ती दोन्हीकडून दाबत बसणार. मुळात बोल्ट आधीच ताणलेला असतो. डोक्यावर ८.८ असा आकडा असलेला, १७ नंबरच्या पान्याचा १० मिलिमीटरचा बोल्ट नीट आवळला तर तो अडीच टनांहून जास्त ओढीनं ताणला जातो. पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण ५० टक्के डोक्याखालच्या घर्षणात खर्च होतो, ४० टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायला उरतो जेमतेम १० टक्के. थोडक्यात, बोल्टची सगळी लढाई घर्षणाशी, आणि गंज नेमका घर्षणाच्या बाजूनं उतरतो.

म्हणून पान्याला लांब पाइप लावून लटकणं हा सगळ्यात वाईट उपाय. पाइपनं वाढलेला पीळ आट्यांपर्यंत पोचण्याआधी बोल्टची मान तुटते.

गंज कठीण असतो पण ठिसूळ असतो, आणि मेस्त्री हाच दोष हेरतो. हातोड्याचा ठोका बोल्टच्या डोक्यावर सरळ बसला की पोलाद लवचीकपणे दबून परत येतं. गंजाला ते जमत नाही, त्याला तडे जातात. त्या केसाएवढ्या तड्यांत तेल केशाकर्षणानं शिरतं, आणि फट जितकी बारीक तितकं ते खोल ओढलं जातं. तेल पातळ हवं. जुने लोक रॉकेल किंवा डिझेल वापरत, आता स्प्रेचे डबे मिळतात. त्यांतला जगप्रसिद्ध डब्ल्यूडी-४० हा १९५३ मध्ये अमेरिकेत सॅन दिएगोला तयार झाला तो ॲटलस क्षेपणास्त्रांच्या पत्र्यावरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. ठोका, तेल, आणि मग रात्रभर थांबणं. दुसऱ्या दिवशी पाना लावायचा तो आधी किंचित आवळायच्या दिशेनं, मग सोडायच्या. थोडं पुढे, थोडं मागे. प्रत्येक हालचालीत चुरा झालेला गंज सरकतो आणि तेलाला नवी वाट मिळते.

एवढ्यानं भागलं नाही तर आग. नट तापवला की त्याचं भोक लहान होत नाही, मोठं होतं, कारण सगळा नटच फुगतो. ३०० अंशांनी तापलेल्या १० मिलिमीटरच्या भोकाची वाढ होते साधारण ०.०३५ मिलिमीटर. पण आगीचं खरं काम आणखी आत चालतं. अडीचशे ते तीनशे अंशांना गोएथाइटमधलं पाणी उडून जातं, त्याचं हेमाटाइट होतं आणि ते पावपटीहून जास्त आकसतं. कुंभाराच्या आव्यातून पिवळसर माती लालभडक होऊन निघते ती याच बदलामुळे! इतकी वर्षं धरून बसलेली चिकटपट्टी स्वतःच सुकते आणि तडकते. मात्र हे काम पेट्रोलची टाकी, ब्रेकचे पाइप आणि रबरी बुश यांच्यापासून दूरच करायचं, आणि तेलाचा स्प्रे मारलेली जागा पुसून कोरडी केल्याशिवाय तिथे ज्योत लावायची नाही.

इंजिनच्या ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये पोलादी बोल्ट असेल तर हिशेब वेगळा. ॲल्युमिनियम पोलादाच्या दुप्पट फुगतं, तेव्हा बोल्टऐवजी आजूबाजूचा भाग गरम करावा. तिथे लाल गंज नसतो, ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी असते. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकत्र आले की ॲल्युमिनियमचा बळी जातो.

कोकणातल्या जुन्या जीपबाबत दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. महिंद्रांनी १९४७ पासून जोडलेल्या विलीज जीपचे बोल्ट इंची मापाचे. अर्ध्या इंचाचं डोकं १२.७ मिलिमीटर भरतं. त्यावर १३ नंबरचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण ०.३ मिलिमीटर ढिला राहतो आणि जोर लागला की कोपरे घासतो. प्रीमियर पद्मिनी मूळची इटलीची फियाट, तिथे मिलिमीटरचे पाने चालतात. जीपला इंचाचे, आणि शक्यतो सहा कोनांचं सॉकेट. दुसरं म्हणजे विलीजच्या जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. आट्यांची दिशा तपासल्याशिवाय जोर लावणारा माणूस जाम नट सोडवत नसतो, आणखी आवळत असतो.

आणि बोल्टची मान तुटलीच तर? उरलेल्या तुकड्यावर नवा नट ठेवून आतून वेल्डिंग करतात. नवं डोकं मिळतं, शिवाय एक अदृश्य फायदा होतो. लालबुंद तुकड्याला आजूबाजूच्या थंड धातूमुळे जाडीत फुगता येत नाही, म्हणून तो लांबीत दबून सरकतो. थंड झाल्यावर तो आधीपेक्षा किंचित बारीक होतो आणि सुटतो. हा उपाय मला इझी-आउट या तुटका बोल्ट काढायच्या हत्यारापेक्षा कितीतरी बरा वाटतो. इझी-आउट फार कडक आणि ठिसूळ पोलादाचा असतो, आणि तो आत मोडला तर साधं ड्रिल त्यावर चालतच नाही.

बोल्ट निघाला की टॅप फिरवून आटे साफ करा, नवा बोल्ट घाला आणि आट्यांना तांब्याची पूड असलेलं ग्रीस लावा. वंगण लावलेला बोल्ट कमी जोरात जास्त ताणला जातो, तेव्हा हात राखून आवळा. आणि भाट्याच्या किंवा गणपतीपुळ्याच्या वाळूत गाडी घालू नका. खारं पाणी खालून लागलंच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं चासी, पाटे आणि यू-बोल्ट धुऊन काढा.