साध्या क्रीमपेक्षा किती जास्त?

घेण्याआधी : लेखांक ६

गेल्या आठवड्यात सनस्क्रीनच्या ट्यूबवरचे आकडे कसे वाचायचे ते पाहिलं. या आठवड्यात त्याच कपाटातला, पण खिशाला अधिक जड जाणारा प्रश्न घेऊ. चेहरा गुळगुळीत करण्याचं, बारीक सुरकुत्या घालवण्याचं आश्वासन देणारी क्रीम विकत घ्यावी का?

मार्च २००७ मध्ये बीबीसीच्या ‘होरायझन’ या विज्ञानमालिकेत प्रा. लेस्ली रीगन यांनी सौंदर्यप्रसाधनांच्या दाव्यांची झडती घेतली. मँचेस्टर विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ ख्रिस ग्रिफिथ्स यांनी त्या कार्यक्रमात एका सीरमची तपासणी सांगितली, आणि ते सीरम खरोखर काहीतरी करतं असं त्यातून दिसलं. बूट्स या ब्रिटिश औषधदुकानांच्या साखळीचं ते ‘नंबर सेव्हन प्रोटेक्ट अँड परफेक्ट’. किंमत सतरा पौंडांच्या आसपास, म्हणजे तिथल्या उंची प्रसाधनांच्या मानाने किरकोळ. कार्यक्रम संपला आणि लोकांनी दुकानं गाठली. साठा संपला, रांगा लागल्या, इंटरनेटवरच्या लिलावात त्या बाटलीला दामदुपटीहून जास्त भाव आला.

मला या गोष्टीचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याला रांगा लागल्या नाहीत. २००९ मध्ये त्याच संशोधकांनी ‘प्रोटेक्ट अँड परफेक्ट’ याच उत्पादनमालिकेतल्या सीरमची रीतसर चाचणी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी’त प्रसिद्ध केली. खर्च बूट्सने केला होता. उन्हाने त्वचा रापलेले ६० स्वयंसेवक घेतले. काहींना सीरम दिलं, बाकीच्यांना तीच क्रीम, फक्त तिच्यातले ‘गुणकारी’ म्हणवले जाणारे घटक काढून टाकलेले. आपल्या वाट्याला काय आलंय हे लावणाऱ्यांना माहीत नव्हतं आणि चेहरे तपासणाऱ्यांनाही नाही. सहा महिन्यांनी सीरम लावणाऱ्यांपैकी ४३ टक्के लोकांच्या सुरकुत्यांत सुधारणा दिसली.

आणि नुसती साधी क्रीम लावणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांच्या.

जाहिरातीत छापण्याजोगा आकडा पहिला, पण खरेदी करणाऱ्याच्या कामाचा दुसरा. गुणकारी घटक काढून टाकलेल्या क्रीमनेही दर पाचांतल्या एकाचा चेहरा सुधारला होता. संख्याशास्त्रज्ञांनी पुढे आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं. सीरमच्या गटाची तुलना त्यांच्याच सुरुवातीच्या चेहऱ्यांशी केली तर फरक ठळक होता. पण सहा महिन्यांअखेर दोन गट एकमेकांसमोर ठेवले, तर तो फरक योगायोगाने पडला नसेल असं ठामपणे म्हणता येत नव्हतं. त्यानंतर सगळ्यांनाच सीरम दिलं गेलं. वर्षाच्या शेवटी सुधारणेचा आकडा ७० टक्क्यांवर गेला, पण त्याच्यासमोर धरायला साध्या क्रीमचा गटच उरला नव्हता. एवढं होऊनही या कंपनीने निदान अशी चाचणी होऊ दिली, हे मी तिच्या बाजूने मोजतो. बहुतेक बरण्यांच्या पाठीशी तेवढंही नसतं.

म्हणून कोणतीही महागडी क्रीम हातात घेतली की एकच प्रश्न विचारावा. ही साध्या क्रीमपेक्षा किती जास्त करते, आणि त्या जास्तीच्या कामासाठी माझ्याकडून किती जास्त पैसे मागतेय?

साधी क्रीम काय करते, ते आधी पाहू. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचा असतो. चेहऱ्यावर त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाइतकी, बऱ्याचदा त्याहूनही कमी. त्यातलं पाणी उडालं की तो आक्रसतो, त्याच्या कडा उचलल्या जातात, आणि बारीक रेघा उठून दिसतात. ग्लिसरीन त्या थरात पाणी धरून ठेवतं. पेट्रोलियम जेली ते उडू देत नाही, आणि या एका कामात तिच्याइतका चांगला पदार्थ अजून सापडलेला नाही. थर फुगला की रेघा भरून येतात. हा परिणाम खरा असतो, तासाभरात दिसतो आणि स्वस्तात मिळतो. हिवाळ्यात नागपूर-औरंगाबादकडच्या कोरड्या हवेत तो डोळ्यांत भरतो. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत हवाच निम्मं काम करत असते, तिथे जाड क्रीम बहुधा नुसती चिकचिक करते.

दुसरा परिणाम सिलिकोनचा. डायमेथिकोन किंवा सायक्लोपेंटासिलोक्झेन ही नावं घटकांच्या यादीत वरच्या बाजूला दिसली, तर क्रीम लावताक्षणी मखमली हात लागणार हे नक्की. भिंतीला रंगाआधी पुट्टी भरतात तसं हे पदार्थ खाचा आणि रंध्रं भरून काढतात. सोबत अभ्रकाची किंवा सिलिकाची भुकटी असेल तर ती प्रकाश विखुरते आणि सावल्या पुसट होतात. रात्री तोंड धुतलं की सगळं गेलं. लग्नकार्याच्या दिवशी मेकअपखाली लावायला हे उत्तमच, आणि त्यासाठी पैसे देण्यात काही गैर नाही. पण दुकानातली मुलगी तुमच्या मनगटावर क्रीम चोळून “बघा, लगेच फरक” म्हणते, तेव्हा ती हाच परिणाम दाखवत असते. त्या अर्ध्या मिनिटावरून तीन महिन्यांनंतरच्या चेहऱ्याबद्दल काहीही कळत नाही. आणि रंध्रं ‘बंद’ करण्याचा दावा तर सोडूनच द्या. रंध्रांना उघडझाप करणारे स्नायू नसतात.

तिसरा परिणाम म्हणजे त्वचेत खरोखर होणारा बदल. तो घडवणारे पदार्थ अगदी थोडे आहेत. त्यात सगळ्यात भक्कम पुरावा ट्रेटिनॉइनचा, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून निघणाऱ्या आम्लाचा. मुरमांवरचं औषध म्हणून त्याची ओळख पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अल्बर्ट क्लिगमन यांनी करून दिली. (फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं जे प्रयोग केले, ते वैद्यकाच्या इतिहासातलं लाजिरवाणं पान आहे; हे नाव घेताना ते विसरता येत नाही.) १९८८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ३० जणांवर सोळा आठवड्यांची चाचणी केली, तीही साध्या क्रीमसमोर ठेवून. सुरकुत्या खरोखर कमी झाल्या, मात्र बहुतेकांची त्वचा लाल झाली, सोलली. १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारीक सुरकुत्यांसाठी ट्रेटिनॉइन क्रीमला परवानगी दिली. आपल्याकडे ते चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे, आणि त्याची ट्यूब बऱ्याचदा मॉलमधल्या रेटिनॉलच्या बाटलीपेक्षा स्वस्त पडते.

रेटिनॉल हा त्याचाच सौम्य भाऊ. त्वचेत गेल्यावर दोन पायऱ्या चढून तो त्या आम्लापर्यंत पोहोचतो, वाटेत बराचसा वाया जातो. मिशिगनमध्येच २००७ साली सरासरी ८७ वर्षांच्या ३६ वृद्धांच्या एका दंडावर ०.४ टक्के रेटिनॉल लावून पाहिलं, दुसऱ्या दंडाला नुसतं साधं लोशन. चोवीस आठवड्यांत रेटिनॉलच्या बाजूच्या रेघा कमी झाल्या. पाच टक्के नायसिनामाइडच्या बाजूनेही बारा आठवड्यांच्या चाचण्या आहेत. परिणाम माफक, त्रास मात्र जवळजवळ नाही.

आता ज्यांचं नाव बरणीवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत असतं, त्यांच्याकडे पाहू. कोलॅजेन. पाचशे डाल्टनपेक्षा फार मोठे रेणू धडधाकट त्वचेतून आत शिरत नाहीत, असा औषधशास्त्रातला ढोबळ नियम आहे. कोलॅजेनचा रेणू तीन लाख डाल्टनच्या घरातला. तो वर बसतो, पाणी धरतो आणि धुतला जातो. म्हणजे पुन्हा साध्या क्रीमचंच काम, वेगळ्या भावाने.

यादी वाचायची एक युक्ती सांगतो, कारण ती दुकानात उभ्या उभ्या करता येते. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर हव्या त्या क्रमाने. फेनॉक्सीइथेनॉल हे टिकवण्यासाठी घालायचं रसायन. त्याची कमाल मर्यादाच एक टक्का आहे, आणि ते बहुतेक क्रीममध्ये असतं. त्याच्यानंतर जे काही आलं ते फार तर एक टक्का. बरणीवर दिमाखात नाव छापलेला नायसिनामाइड या खुणेच्या मागे दिसला, तर चाचण्यांतल्या पाच टक्क्यांच्या तो आसपासही नाही. रेटिनॉलला मात्र हा न्याय लावू नका. ते मुळात एक टक्क्याच्या आतच पुरेसं असतं. तिथे टक्केवारी स्पष्ट छापली आहे का आणि बाटली अपारदर्शक, हवा न शिरणारी आहे का, ते पाहा. उजेडात आणि हवेत रेटिनॉल बिघडतं. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ते विकणाऱ्याने त्याचा विचार केलेला नाही. अगदी छोट्या पॅकवर ही यादी छापण्याची सक्ती नसते, हेही लक्षात असू द्या.

“९२ टक्के स्त्रियांना त्वचा अधिक मऊ वाटली” असं वाक्य असेल, तर त्याखालचा बारीक मजकूर वाचा. किती जणी? कशाच्या तुलनेत? ‘वाटली’ म्हणजे कोणी मोजलं नाही, आणि समोर साधी क्रीम नसेल तर त्या ९२ मध्ये ग्लिसरीनचा वाटा किती, ते कळायचा मार्ग नाही. ‘त्वचातज्ज्ञांनी तपासलेलं’ याचा अर्थ सहसा एवढाच, की लावल्यावर पुरळ उठतं का ते पाहिलं. फोटोंचं तर बोलायलाच नको. २०१२ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने लोरेआलच्या सुरकुत्यांवरच्या क्रीमची, अभिनेत्री रेचल वाइझ यांच्या छायाचित्राची जाहिरात मागे घ्यायला लावली. चेहरा अधिक नितळ आणि एकसारखा दिसावा म्हणून त्या छायाचित्रात फेरफार केला होता.

पैशांचा हिशेब करताना बरणीची किंमत न पाहता निकालाची किंमत पाहावी. समजा, रेटिनॉलची तीस ग्रॅमची ट्यूब पंधराशे रुपयांना आहे आणि रात्री अर्धा ग्रॅम लागतं. ट्यूब साठ दिवस पुरेल. पण बारा आठवड्यांच्या आत रेटिनॉलबद्दल काही बोलताच येत नाही. म्हणजे दुसरी ट्यूब आलीच, आणि खर्च तीन हजारांचा. तेवढी तयारी नसेल तर पहिलीही घेऊ नये. एक ट्यूब संपवून “काही फरक नाही” म्हणत सोडून देणाऱ्यांचे पैसे खरे वाया जातात.

मॉइश्चरायझरची चाचणी याउलट घरी पंधरवड्यात होते. महागड्या क्रीमचा छोटा पॅक आणि औषधाच्या दुकानातली साधी ग्लिसरीनची क्रीम घ्या. एक डाव्या गालाला, एक उजव्या. कुठे काय लावलं ते घरात सांगू नका. दोन आठवड्यांनी सकाळी खिडकीच्या उजेडात बहिणीला किंवा नवऱ्याला विचारा, कोणती बाजू चांगली दिसते. त्यांना सांगता आलं नाही, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आपल्या त्वचेबद्दल एक गोष्ट या पाश्चात्त्य चाचण्यांतून कळत नाही. त्या बहुतांशी गोऱ्या त्वचेवर झालेल्या. सावळ्या त्वचेला मेलॅनिनचं संरक्षण असतं, सुरकुत्या उशिरा येतात; आपली तक्रार जास्त करून डागांची आणि असमान रंगाची असते. आणि अशा त्वचेची जळजळ झाली की मागे काळे डाग राहतात. म्हणून रेटिनॉल घ्यायचंच तर आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरुवात करावी. गरोदरपणात किंवा मूल होण्याचा विचार असताना ते लावूच नये.

ज्या क्रीमने आठवड्याभरात चेहरा आरशासारखा होतो, तिला मी घाबरतो. त्यात बहुधा स्टिरॉइड असतं. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल ही नावं शोधा. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि क्रीम थांबवली की चेहरा पेटतो. आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं याविरुद्ध लढत आहेत. २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा स्टिरॉइडं चिठ्ठीच्या यादीत घातली, तरी ती काउंटरवरून सहज मिळतात. त्याहून वाईट म्हणजे ब्यूटी पार्लरमध्ये मिळणाऱ्या बिनानावाच्या डब्या. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना अशाच क्रीममधल्या पाऱ्याने इजा झाल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक नसलेली डबी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, आणि मैत्रिणीलाही घेऊ देऊ नका.

मग घ्यावी का? त्वचा कोरडी असेल तर क्रीम जरूर घ्या, पण साधी. समारंभापुरती मखमल हवी असेल तर सिलिकोनचं प्रायमर घ्या, लहान पॅकमध्ये. खरा बदल हवा असेल, तीन ते सहा महिने थांबायची तयारी असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांची एक फी भरा. महागड्या दोन बरण्यांपेक्षा ती बहुधा कमीच असेल. आणि या सगळ्याच्या आधी मागच्या लेखांकातली ट्यूब. ऑस्ट्रेलियातल्या नाम्बूर गावात १९९२ पासून साडेचार वर्षं ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांना पाहिलं, तेव्हा रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्यांच्या त्वचेचं म्हातारपण, ज्यांच्यावर ते सोडून दिलं होतं त्यांच्यापेक्षा २४ टक्क्यांनी कमी निघालं. तिथे तुलना साध्या क्रीमशी नव्हती, पण दोन्ही गट शेवटपर्यंत एकमेकांसमोर उभे होते, आणि सुरकुत्यांच्या बरण्यांमागे इतकी मोठी, इतकी लांब चाचणी मला कुठे आढळलेली नाही.

(पुढील लेखांक : केसगळतीवरची तेलं)