डिसेंबरच्या पानावरची गर्दी

रायपूरच्या जयस्तंभ चौकात १० डिसेंबरला हार-फुलं येतात. १८५७ साली याच तारखेला सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना इंग्रजांनी रायपुरात देहान्त शासन दिलं, आणि तेही याच जागी, असं शहर मानत आलंय. शासन कसं दिलं यावर एकमत नाही. बहुतेक जण फाशी म्हणतात. १९८७ साली टपाल खात्यानं काढलेल्या साठ पैशांच्या तिकिटावर मात्र ते तोफेच्या तोंडी दिसतात. वाद दोराचा आणि तोफेचा आहे, तारखेचा नाही.

वर्तमानपत्रातल्या दिनविशेषात एकाच तारखेखाली दोन लढाया आल्या की वाचणारा थबकतो. काय योगायोग, म्हणतो. तसा नुसत्या गणितानंही योगायोग फार दुर्मीळ नसतो. एका खोलीत तेवीस माणसं जमली, तर त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. शेकडो लढाया ३६६ चौकटींत कोंबल्यावर त्या एकमेकींना धडकणारच. पण धडका साऱ्या वर्षभर सारख्या पसरलेल्या आहेत का, हे मला पाहायचं होतं. म्हणून भिंतीवरचं मराठी कॅलेंडर खाली काढलं (रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत ते अजून असतंच) आणि चौकटींत पेन्सिलीनं लढाया लिहायला बसलो.

डिसेंबर भराभर भरला. चार तारखेला कराचीवर नौदलाचा हल्ला, १९७१. पंधराला गाविलगड पडला, १८०३. दोनच दिवसांनी, सतराला, दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी देवगावचा तह करून कटक सोडलं; आणि १९६१ मध्ये सतराच्याच रात्री गोव्याच्या मोहिमेला तोंड फुटलं. एकवीसला महिदपूर, १८१७. सोळाच्या चौकटीत तर पेन्सिल टेकवायला जागा उरली नाही.

१६ डिसेंबर म्हटलं की आपल्याला ढाका आठवतं. १९७१ च्या त्या संध्याकाळी रमणा मैदानावर जनरल नियाझींनी जगजितसिंग अरोरांसमोर शरणागतीवर सही केली आणि सुमारे ९३ हजार युद्धकैदी आपल्या हाती आले. त्या दिवशी विजय दिवस पाळतात. पण याच तारखेला, १८१७ साली, नागपूर हरलं होतं. नोव्हेंबरअखेरीस सीताबर्डीवर भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची गाठ पडून गेली होती. मग इंग्रज सेनानी डोव्हटन मोठी कुमक घेऊन येऊन थडकला. रेसिडेंट जेन्किन्सनं अटी घातल्या, आप्पासाहेब भोसले स्वतः त्याच्या स्वाधीन झाले, तोफा सोपवायचं ठरलं. तोफा ताब्यात घ्यायला पलटणी पुढे सरकल्या आणि सक्करदऱ्याच्या बाजूनं गोळीबार सुरू झाला. राजा शरण गेलेला, सैन्य नाही! अरब शिपायांनी तर शहर आणखी दोन आठवडे धरून ठेवलं. ते महिनाअखेरीस बाहेर पडले.

रायपूरकरांनी ही तारीख लक्षात ठेवायला हवी, असं मला फार वाटतं. कारण या पराभवानंतर, १८१८ मध्ये, छत्तीसगडचा कारभार नागपूरच्या बालराजाच्या नावानं इंग्रज अधीक्षकाच्या हाती गेला आणि मुख्य ठाणं रतनपूरहून रायपूरला आलं. रतनपूर ही कलचुरींची जुनी राजधानी. नागपूरकर घराण्यातले बिंबाजी भोसले तिथंच राहिले, रामटेकडीवर त्यांनी मंदिर बांधलं. नागपुरातली ती दुपार वेगळी गेली असती, तर आज राजधानीचा मान कुठल्या गावाला असता कोण जाणे.

त्याच सोळाच्या चौकटीत आणखी एक नोंद बसते. १९४४ मध्ये जर्मनीनं बेल्जियमच्या आर्देन अरण्यात आपला शेवटचा मोठा हल्ला सुरू केला. मुहूर्त निवडला तो धुक्याचा. दोस्तांची विमानं जमिनीवर अडकावीत, असा हिशेब होता.

आणि इथं दिनविशेषाचं कोडं सुटायला लागतं. लढाईची तारीख ठरवताना सेनापतीइतकंच आभाळही बोलतं. आपल्याकडे तर ते जास्तच बोलतं. मराठी फौजा पावसाळा छावणीत काढायच्या आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघायच्या. नद्या उतरलेल्या, वाटा वाळलेल्या, शेतात उभं पीक, म्हणजे घोड्यांना चारा आणि माणसांना दाणा. दसरा ते होळी हा लढायांचा हंगाम. इंग्रजांनीही तोच उचलला. १८१७ चीच माळ पाहा : खडकी ५ नोव्हेंबर, सीताबर्डी २६-२७ नोव्हेंबर, नागपूर १६ डिसेंबर, महिदपूर २१ डिसेंबर, कोरेगाव १ जानेवारी. जेमतेम दोन महिन्यांत मराठी सत्तेचा निकाल लागला. १९७१ मध्येही एप्रिलातच लढाईची घाई होती, ती लष्करप्रमुख माणेकशांनी थोपवली. तयारीला वेळ हवा होता हे झालंच. शिवाय पूर्व बंगालच्या नद्या पावसाळ्यात समुद्र होतात, आणि हिवाळ्यात हिमालयाच्या खिंडी बर्फानं बुजल्या की चीनची काळजी कमी होते.

मग जुलै-ऑगस्टची पानं काढली. तिथं लढाया विरळ, पण जे सापडलं ते जास्त मजेचं होतं. जुलै १६६० मध्ये भर पावसाच्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याहून निसटले. १७ ऑगस्ट १६६६ ला आग्र्याहून. आणि २८ ऑगस्ट १८५७ ला नारायणसिंह रायपूरच्या तुरुंगातून. पावसाळा निसटणाऱ्याचा, हिवाळा पाठलाग करणाऱ्याचा, असं काहीसं चित्र उभं राहिलं.

नारायणसिंहांची गोष्ट या चित्रात नेमकी बसते. १८५६ च्या दुष्काळात त्यांनी कसडोलच्या व्यापाऱ्याचं धान्याचं कोठार फोडून लोकांना वाटलं, म्हणून त्यांना धरलं होतं. सुटल्यावर ते सोनाखानला पोचले आणि पाचशेच्या आसपास बंदूकधारी जमवले. इंग्रजांची तुकडी रायपुरातून निघाली ती थेट नोव्हेंबरच्या विसाव्या तारखेला. मधले जवळजवळ तीन महिने कुठं गेले? उत्तरेत बंड पेटलं होतं, हाताशी भरवशाचे शिपाई नव्हते, हे खरंच. पण ज्यानं पावसाळ्यात महानदीकाठची धानाची शेतं पाहिलीत, त्याला आणखी एक उत्तर सुचेल. चिखलातून ओलांडायचे नाले, पुढे सोनाखानचं जंगल, आणि त्यात वाट दाखवायला कुणी तयार नाही. पाणी ओसरलं तशी फौज निघाली, आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं.

नियम मोडणारेही आहेत. १७४१ च्या सुमारास रतनपूर नमवून बंगालकडे गेलेले नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर पुढच्या वर्षी काटव्याजवळ दुर्गापूजेत रमले होते. दसऱ्याआधी कुणी अंगावर येत नाही, हा हंगामाचा शिरस्ता त्यांच्याही डोक्यात असावा. बंगालचा नवाब अलीवर्दीखानानं ऐन नवरात्रात नदी ओलांडून छापा घातला. कारगिलचं गणित तर उलटंच. तिथं बर्फ वितळल्यावर हंगाम सुरू होतो, म्हणून त्या विजयाची तारीख २६ जुलै.

तारखा जुळवताना एक फसगतही होते. पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झालं, म्हणून ऐन संक्रांतीला झालं, असं आपण सर्रास म्हणतो. त्या वर्षी संक्रांत चार-एक दिवस आधीच होऊन गेली होती. संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबानं चालते, इंग्रजी तारीख ऋतूंच्या. दोन्ही वर्षांत वीसेक मिनिटांचा फरक, तो साठून साधारण सत्तर वर्षांत एक दिवस होतो. रायपूरच्या माणसाला याचा पुरावा घरचाच आहे. बूढा तलावात ज्यांचा पुतळा आहे ते विवेकानंद लहानपणी दोनेक वर्षं इथं राहिले. त्यांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. आता संक्रांत १४-१५ ला येते. पानिपतच्या वर्षी ती ९-१० च्या सुमारास होती. युद्ध झालं ती तिथी पौष शुद्ध अष्टमी.

कधी मात्र तारीख कुणीतरी हातानंच निवडतं. १५ ऑगस्ट माउंटबॅटननं निवडला, कारण १९४५ मध्ये त्याच दिवशी जपाननं शरणागती जाहीर केली होती आणि तेव्हा तो आग्नेय आशियातला दोस्तांचा सरसेनापती होता. त्या तारखेचा स्तंभ आमच्या चौकात उभा आहे. एकाच चौकात नारायणसिंहांचा १० डिसेंबर आणि माउंटबॅटनच्या आवडीचा १५ ऑगस्ट, दोन्ही नांदतात.

आता पान जानेवारीचं. नारायणसिंहांना जाऊन सहा आठवडेही झाले नव्हते. १८ जानेवारी १८५८ च्या संध्याकाळी रायपूरच्या छावणीत हनुमानसिंह या शिपायानं सार्जंट-मेजर सिडवेलला त्याच्या बंगल्यात शिरून ठार केलं आणि साथीदारांना बंडाची हाक दिली. काही तासांत ते मोडलं. २२ जानेवारीला सतरा जणांना फासावर चढवलं. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते. हनुमानसिंह सापडला नाही. पकडून देणाऱ्याला बक्षीस लावलं, तरीही नाही. हिवाळा होता, वाटा कोरड्या होत्या, पाठलाग करणाऱ्याचा हंगाम होता, आणि तरी तो निसटला. कुठं गेला, किती जगला, कधी मेला, कशाचीच नोंद नाही. सतरा जणांसाठी २२ च्या चौकटीत पेन्सिलीनं खूण केली. त्याच्यासाठी कुठल्या चौकटीत करायची ते कळलं नाही, म्हणून कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं.